गुण्यात नसलेलं घर

मिस्त्रीनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काटकोन बघायचा गुण्या लावला, काढला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, ह्या घरात एक पण कोपरा गुण्यात नाय."

हे मला लग्न होऊन आले त्याच दिवशी कळलं होतं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटजवळच्या जुन्या इमारतीत आमची जागा नेमकी कोपऱ्यावरची. रस्त्याकडे ऐसपैस, आत मोरीपाशी येईतो पार निमुळती. सासूबाई तिला व्याघ्रमुखी म्हणतात. "चाळीस वर्षं वाघाच्या तोंडात नांदलेय," हे वर.

बांधणाऱ्याचा तरी काय दोष? १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि १८९८मध्ये सरकारनं शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून ट्रस्टनं गल्ल्या कापून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. रस्ते सरळ झाले, कडेचे तुकडे तिरके उरले. थोडक्यात, आमचा फ्रिज भिंतीला टेकत नाही याचं खापर उंदरांवर! वारा मात्र अजून येतो. दुपारी चारच्या सुमारास कॅलेंडर फडफडायला लागतं.

बाजारात सगळं चौकोनी मिळतं. मॉड्युलर किचनवाला मुलगा लेझरनं मापं घेऊन गेला आणि संध्याकाळी फोन, "मॅडम, माप चुकलंय बहुतेक, परत येतो." असा तीनदा आला. नंतर फोन उचलेना. शेवटी सुतारानं रद्दीचे कागद चिकटवून शिंप्यासारखा ओट्याचा साचा कापला. कपाट सरळ उभं केल्यावर मागे तिकोनी फट राहिली. तिच्यात सासूबाईंनी तासाभरात सहा पाट आणि मोडकी शिडी सरकवली.

खरं अडलं लादीशी. नव्या टाइल्स कुठल्या भिंतीला धरून लावायच्या? रस्त्याकडची धरली तर आतली बाजू पळते, आतली धरली तर खिडकी वाकडी दिसते. मिस्त्री उकिडवा बसला. जुन्या नक्षीदार सिमेंटच्या लादीवर त्यानं ओला फडका फिरवला आणि कडेच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. दाराशी ती चार बोटं होती, खिडकीशी चांगली वीतभर. मधली नक्षी सरळच्या सरळ. खोलीचा सगळा तिरपेपणा त्या पट्टीत मुरवलेला. इतकी वर्षं मी ती पुसतेय, कधी दिसलं नाही.

"ही मी नाय काढणार," मिस्त्री म्हणाला.

टाइल्सचे खोके परत गेले. दुकानदारानं दहा टक्के कापून घेतले.