पडद्यावर ६२ टक्के

"मॅडम, नुसतं स्कॅनच तर करायचंय. रात्री दोनला उरकून टाका, कुणाला कळणारही नाही." एका नगरपालिकेचे पाणीपुरवठा अभियंता त्यांच्या चालू केंद्राच्या नियंत्रण यंत्रणेबद्दल फोनवर हे म्हणाले, आणि त्यांना थांबवायला मला पंधरा मिनिटं लागली.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कारखाने, वीज, पाणी यांच्या नियंत्रण यंत्रणांची सायबर सुरक्षा तपासते. ऑफिसच्या नेटवर्कवर स्कॅन ही रोजची गोष्ट. प्रत्येक यंत्राचं दार वाजवायचं, कोणतं उघडं आहे ते पाहायचं. पण पीएलसी, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह चालवणारे छोटे औद्योगिक संगणक, जुने असतील तर त्यांना अनोळखी टकटक सोसत नाही. त्या ज्या मोडबस भाषेत बोलतात ती १९७९ ची; त्या वायरीवर परका कुणी येईल हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं, म्हणून तिच्यात पासवर्डच नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेच्या मार्गदर्शिकेत एक प्रसंग नोंदवला आहे: चालू नेटवर्कवर साधा पिंग ('आहेस का?' एवढंच विचारणारा संदेश) फिरवला आणि नऊ फुटी यांत्रिक हात अचानक १८० अंशांत फिरला. मी साहेबांना तोच सांगितला. मग ते म्हणाले, "आधी तुमच्याकडे करून बघा."

आमच्याकडे पाणीपुरवठ्याचा टेस्टबेड, म्हणजे चाचणीसाठी उभारलेली छोटी यंत्रणा, आहे. खाली ५०० लिटरची टाकी, वर लोखंडी सांगाड्यावर ३०० लिटरची पारदर्शक टाकी, मध्ये खरा पंप, दोन पीएलसी, आणि सगळं पडद्यावर दाखवणारी एक स्काडा प्रणाली. सिंगापूरच्या तंत्रज्ञान व डिझाइन विद्यापीठात २०१५ पासून सहा टप्प्यांत खरोखर पाणी शुद्ध करणारा टेस्टबेड आहे. त्याच्यापुढे आमचा फारच लहान. तरी खरा पंप आणि खरं पाणी यांच्याशी मी तडजोड करत नाही. २००७ मध्ये आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीत २.२५ मेगावॉटचा डिझेल जनरेटर केवळ ब्रेकर (त्याला वीजजाळ्याशी जोडणारा मोठा स्विच) चुकीच्या क्षणी उघड-बंद करून मोडून दाखवला होता. तो हादरे खाताना, धूर ओकताना पाहिल्यावर जे पटतं, ते आकडेमोडीने पटत नाही.

मंगळवारी आम्ही त्यांच्याच मॉडेलच्या पीएलसीवर स्कॅन चालवला. काहीच झालं नाही. 'धोका आढळला नाही' असा मसुदा लिहून मी पाठवूनही दिला.

संध्याकाळी त्यांच्या केंद्रातल्या इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनचा फोन आला. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला आलेले. मी त्यांना काकाच म्हणते. "मॅडम, तुमच्या कम्युनिकेशन कार्डच्या बाजूला स्टिकर असेल, त्यावरचा नंबर वाचा." मी वाचला. "हे नंतरचं. आमचं याच्या आधीचं आहे. दिसायला सेम, आतला प्रोग्राम जुना." दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्पेअर कार्ड टॉवेलमध्ये गुंडाळून एसटीने आले. नऊ वर्षं कपाटात जपलेलं एकुलतं एक कार्ड.

ते वरच्या टाकीच्या पीएलसीत बसवलं. पंप सुरू, टाकी ६२ टक्के. मी स्कॅन सोडला. काही सेकंदांत कार्डचा लुकलुकणारा हिरवा दिवा स्थिर झाला. मी स्काडाकडे बघत होते: पंप चालू, पातळी ६२, एकही अलार्म नाही. हेही टिकलं, असं मी म्हणणार तोच काका म्हणाले, "मॅडम, पाणी बघा."

टाकीत पाणी ८० च्या खुणेवर होतं. पडद्यावर ६२. ९० ला पंप बंद व्हायला हवा होता, झाला नाही. चार मिनिटांत काठावरून पाणी फरशीवर आलं. पडद्यावर ६२.

कार्ड गोठलं होतं, म्हणजे टाकीकडची पीएलसी मुकी झाली होती. पंपाकडची पीएलसी शेवटचा ऐकलेला आकडा धरून बसली होती, आणि स्काडा तोच आकडा तिच्याकडून घेऊन दाखवत होता. समोरून उत्तर येतंय की नाही, हे तपासणारी एक ओळही लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्राममध्ये, नव्हती. आमचा लॅडर त्यांच्याच केंद्राच्या प्रतीवरून भरलेला होता.

फरशी पुसताना काका थांबले. "आमच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप आहे, पाणी वाया जाईल एवढंच. पण आकडा ९० वर अडकला असता तर? पंप सुरूच झाला नसता. आम्ही रात्री टाकी भरतो, पहाटे पाचला गावाला सोडतो." रात्री दोनची वेळ साहेबांनी सुचवली होती ती कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून. मी खुर्चीवर बसले. माझा मंगळवारचा मसुदा त्यांच्या टेबलावर पोहोचलेला होता. तो मागे घेत असल्याचं मी तिथूनच फोन करून कळवलं.

दुपारी दुरुस्तीला लागलो. टाकीकडची पीएलसी दर सेकंदाला एक वाढता आकडा पाठवणार. तो दहा सेकंद बदलला नाही तर पंप बंद आणि अलार्म. काकांनी लगेच हरकत घेतली: "पंप बंद करून गाव कोरडं ठेवायचं?" बरोबर होतं त्यांचं. मग ठरलं की पंप बंद होऊन भोंगा वाजेल आणि ड्यूटीवरचा माणूस पॅनलचा स्विच 'हॅन्ड'वर टाकून टाकी डोळ्यांनी बघत भरेल. शिवाय काठाशी एक फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून बंद करणारा), त्याची वायर थेट पंपाच्या स्टार्टरला. नेटवर्कशी त्याचा संबंध नाही. स्कॅन नऊ वेळा चालवला. कार्ड नऊही वेळा गोठलं, पाणी एकदाही सांडलं नाही.

पाणी एकदम थांबल्यावर त्यांच्या दोन किलोमीटरच्या पाइपात जो दणका बसेल, तो आमच्या चार मीटरच्या पाइपात दिसत नाही. ते मी अहवालात वेगळं लिहिलं आणि त्याची तपासणी केंद्रावरच, पाइपलाइनच्या माणसांसमोर करायला सांगितलं.

शेवटची एसटी सहाची होती. मी कार्ड काढून टॉवेलमध्ये ठेवायला लागले. काका म्हणाले, "राहू द्या इथंच. पुढच्या वेळी याच्यावरच बघा. फक्त आमचं चालू कार्ड गेलं तर रात्री-अपरात्री फोन करीन, तेव्हा कुणाकडून तरी पाठवा."

मी रॅकवर त्यांचा मोबाइल नंबर चिकटवला आणि खाली माझा.