तीन केट्या आणि अमेरिकेतलं मास्टर्स

२०१४ साली मुंबईतल्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले होते. पहिल्याच वर्षी एम-वन, एम-टू (गणिताचे दोन पेपर) आणि मेकॅनिक्स या तिन्ही विषयांत केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो विषय पुन्हा द्यायचा. गणित येत नव्हतं असं नाही. फळ्यावर चाललेलं निम्मं समजायचं, उरलेलं विचारायला तोंड उघडत नसे, आणि भांडुपच्या घरी विचारावं असं कुणी नव्हतं. केट्या पुढे सुटल्या, पण त्या वर्षाचा पॉइंटर, म्हणजे दहापैकी सरासरी, साडेपाचच्या पुढे गेला नाही.

माझे बाबा महापालिकेत चावीवाले आहेत. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवून ठरल्या वेळी ठरल्या गल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले. पुढे फ्लुइड मेकॅनिक्स आणि हायड्रॉलॉजी हे पाण्याचे विषय शिकायला लागले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक माझ्या घरातलं आहे. तिथून पॉइंटर चढत गेला. शेवटच्या दोन सेमिस्टरला आठच्या वर होता.

शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी दादरजवळच्या हिंदमाताला पाणी का तुंबतं, यावर प्रोजेक्ट केला. तो भाग बशीसारखा खोलगट. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळी पाऊस कोसळत असेल, तर शहरातलं पाणी समुद्रात जायला वाटच उरत नाही. पाऊस आणि भरती-ओहोटीची वेळापत्रकं शेजारी ठेवून आम्ही नोंदी केल्या. २९ ऑगस्ट २०१७ ला शहर बुडालं, त्यानंतर आम्ही दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी कुठवर चढलं याच्या खुणा टेपने मोजत फिरलो. दुकानदार स्वतःहून दाखवायचे, “ताई, इथपर्यंत होतं बघा.”

त्यानंतर चार वर्षं नोकरी केली. २०२१ मध्ये जलसंपदा विषयात मास्टर्ससाठी अर्ज करायचं ठरवलं आणि पहिला धक्का हिशेबाचा बसला. अमेरिकेत पदवीचे गुण चारपैकी मोजतात आणि बऱ्याच विद्यापीठांची खालची मर्यादा ३ असते. ओळखीतल्या सगळ्यांनी सांगितलं, पॉइंटरला दहाने भागायचं आणि चारने गुणायचं. माझा एकूण पॉइंटर सात, म्हणजे उत्तर २.८. दोन महिने मी अर्जाकडे फिरकलेच नाही. मग विद्यापीठांच्या सूचना स्वतः नीट वाचल्या. अनेकांनी स्पष्ट लिहिलं होतं की गुण तुमच्याच मोजपट्टीवर भरा, बदलून देऊ नका. मूल्यमापन करणाऱ्या संस्था एकेक विषय घेऊन रूपांतर करतात, आणि आपल्याकडचा साठ टक्क्यांचा फर्स्ट क्लास तिथे भागाकारातून दिसतो तितका खाली जात नाही. माझं मूल्यमापन ३ च्या वर निघालं. हा गुणाकार करून किती मुलं घरीच थांबत असतील, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, कलिनाला विद्यापीठात खेपा झाल्या. कोविडनंतर अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक केली होती. मी तरी दिली, कारण एम-वनची केटी दिसणाऱ्या माणसाला गणिताचा ताजा आकडाही दिसायला हवा होता.

खरा वेळ एसओपीने खाल्ला, म्हणजे आपण हे का शिकणार ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाने. पहिल्या खर्ड्यात पहिल्या वर्षाचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्यात पानभर रडगाणं होतं, माध्यम, लोकलची गर्दी, घर, सगळं. प्रोजेक्टचे सर वाचून म्हणाले, “हे सगळं खरं आहे, पण तू अर्ज कशासाठी करते आहेस ते शेवटच्या पानावर येतंय.” मग केट्यांना दोनच वाक्यं दिली. पहिल्या वर्षी इंग्रजीतून शिकण्याशी जुळवून घेताना तीन विषयांत नापास झाले, आणि त्याच गणितावर उभ्या असलेल्या पुढच्या विषयांतले माझे गुण हे आहेत. उरलेली जागा हिंदमाताच्या पायऱ्यांना दिली.

शिफारसपत्रं तीन. एक सरांचं, एक ऑफिसातल्या वरिष्ठांचं. तिसरं विभागप्रमुखांचं घे, असं सगळे सांगत होते. मी मेकॅनिक्सच्या मॅडमकडे गेले. केटीच्या वेळी दोन महिने त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवून शिकवलं होतं. त्यांनी विचारलं, “तुझ्या केटीबद्दल लिहिलं तर चालेल ना गं?” मी म्हटलं, “मॅडम, तेच लिहा.”

सहा ठिकाणी अर्ज केले. चार नकार आले, ते वाचताना प्रत्येक वेळी पोटात खड्डा पडला. एका ठिकाणी प्रतीक्षायादी. सहाव्या विद्यापीठातले प्राध्यापक व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बोलले. पहिल्या वर्षाचं उत्तर मी पाठ करून बसले होते, ते त्यांनी विचारलंच नाही. पाण्याच्या खुणा आम्ही कुठल्या पातळीपासून मोजल्या आणि दोन खुणांत तफावत आली तर काय केलं, एवढंच खोदून खोदून विचारलं. दहा दिवसांनी प्रवेशाचं पत्र आलं.

व्हिसाच्या मुलाखतीला बाबा माझ्याबरोबर बीकेसीला अमेरिकन वकिलातीपर्यंत आले होते. तीन-चार प्रश्नांत काम झालं. बाहेर आल्यावर आम्ही चालत मिठी नदीच्या पुलावर गेलो. मी व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. बाबांनी माझा हात धरला आणि बराच वेळ खाली पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “भरती आहे बघ आत्ता. पाणी उलटं चाललंय.”