डावखुऱ्याचा सराव : सहावा महिना, नील रॉबर्टसनच्या संगतीत

गेल्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे हे सहा महिने मी एकाच स्नूकर खेळाडूचा खेळ पाहण्यासाठी राखून ठेवले. तो खेळाडू म्हणजे 11 फेब्रुवारी 1982 रोजी जन्मलेला, मेलबर्नचा नील रॉबर्टसन. मीही डावखुरा असल्याने त्याचे उभे राहणे आणि क्यू (फटका मारायची काठी) सरळ रेषेत पुढे नेणे मला आरशात न पाहता जसेच्या तसे उचलता येते, हे या निवडीचे पहिले कारण होते. दुसरे कारण त्याचे लाँग पॉट (लांबून चेंडू पॉकेटमध्ये घालणारे फटके), ज्यांची भुरळ आपल्यापैकी बहुतेकांना पडलेली आहे.

सरावाचा हिशेब असा. निळा चेंडू मधल्या स्पॉटवर आणि पांढरा चेंडू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या कर्णरेषेवर ठेवून मी रोज 20 फटके मारतो. पहिल्या महिन्यात त्यांपैकी सरासरी 6 चेंडू पॉकेटमध्ये जात होते, आता 11 जातात. फटका मारल्यावर डोके उचलण्याची सवय मोडली, हेच या वाढीचे मुख्य कारण आहे. तरीही क्लबमधील सामन्यांत माझे निकाल फारसे बदलले नाहीत, आणि त्याचे कारण मला 2010 च्या जागतिक स्पर्धेचे सामने क्रमाने पाहताना उमगले.

शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमधील त्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत रॉबर्टसन मार्टिन गूल्डविरुद्ध 5–11 असा मागे पडला होता. 13 फ्रेम (सामन्यातील डाव) आधी जिंकणाऱ्याचा तो सामना असल्यामुळे गूल्डला केवळ दोन फ्रेम हव्या होत्या. तेथून पुढच्या 9 फ्रेमपैकी 8 जिंकून रॉबर्टसनने सामना 13–12 असा खेचून आणला. पुढे स्टीव्ह डेव्हिस आणि अ‍ॅली कार्टर यांना हरवून तो अंतिम फेरीत पोहोचला आणि ग्रॅम डॉटविरुद्धची संथ, सेफ्टीने (प्रतिस्पर्ध्याला सोपी संधी न देणाऱ्या बचावात्मक फटक्यांनी) भरलेली, मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेली लढत त्याने 18–13 अशी जिंकली. मला त्या अंतिम सामन्यातील लाँग पॉटपेक्षा, मोह आवरून पांढरा चेंडू बॉकच्या (टेबलाच्या ज्या टोकाकडून फ्रेम सुरू होते त्या भागाच्या) कुशनला नेऊन ठेवणारे फटके अधिक मोलाचे वाटले. मी स्वतः अशा प्रत्येक वेळी पॉट मारायला गेलो असतो.

हा संयम त्याने कुठे कमावला असावा, याचा विचार करताना त्याची सुरुवात आठवते. 2003 मध्ये न्यूझीलंडमधील टाउपो येथे 21 वर्षांखालील जागतिक विजेतेपद मिळवल्यावर तो घरापासून हजारो मैल दूर केंब्रिजला येऊन राहिला, आणि पहिले मानांकन विजेतेपद (जागतिक क्रमवारीचे गुण देणाऱ्या स्पर्धेतले) 2006 च्या ग्रां प्रीमध्ये मिळाले. मास्टर्स 2012 मध्ये आणि यूके चॅम्पियनशिप 2013 मध्ये जिंकून त्याने जागतिक स्पर्धेसह तिन्ही मोठ्या स्पर्धा पूर्ण केल्या. त्याच 2013–14 च्या मोसमातील 103 सेंच्युरी ब्रेकचा (एका खेपेत सलग 100 किंवा अधिक गुण) त्याचा तेव्हाचा विक्रम, जो 2025 मध्ये जड ट्रम्पने मोडला, सर्वांना ठाऊकच आहे.

त्याहून मला 2022 च्या टूर चॅम्पियनशिपचा अंतिम सामना जवळचा वाटतो. जॉन हिगिन्सविरुद्ध 4–9 अशा पिछाडीवरून त्याने तो 10–9 असा जिंकला, आणि तो पाहिल्यापासून मी क्लबमध्ये पिछाडीवर असताना फ्रेम लवकर सोडून देणे बंद केले आहे.

या महिन्यापासून वहीत एक नवा रकाना आखला आहे : पॉट मारता आला असता, पण सेफ्टी खेळलो, असे फटके. पहिल्या आठवड्यात 4 सामन्यांत असे 9 फटके झाले आणि त्यांतील 5 वेळा पुढची संधी मलाच मिळाली. माझा सर्वोच्च ब्रेक अजून 38 वरच अडला आहे. सातव्या महिन्यात लाँग पॉटचे फटके रोज 20 वरून 10 वर आणून उरलेला वेळ पांढरा चेंडू बॉकमध्ये परत आणण्याच्या सरावाला देणार आहे.