बटाटे किती निघाले?

कोरियातल्या तेजॉन शहरात, युसॉंग भागातल्या एका गल्लीत, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर प्राण्यांचा एक दवाखाना आहे. संशोधनाच्या नोकरीसाठी मी या शहरात आलो तेव्हा कोरियन लिपी वाचायला शिकलो होतो, आणि या लिपीची गंमत अशी की ती दोन-तीन दिवसांत वाचता येते आणि पुढची दोन-तीन वर्षे काय वाचले ते कळत नाही. त्यामुळे दवाखान्याच्या पाटीवरचे ‘तोंगमुल-ब्योंगवॉन’ हे शब्द मी कितीतरी महिने बसमधून जाता-येता मोठ्या ऐटीने वाचत असे. त्यांतल्या ‘तोंगमुल’चा अर्थ प्राणी, म्हणजे मूळ चिनी अक्षरांप्रमाणे ‘हलणारी वस्तू’, हे कळण्याची वेळ आली ती एका पावसाळी संध्याकाळी एक हलणारी वस्तू आमच्या जिन्याखाली येऊन बसली आणि तिने उठून जायला साफ नकार दिला तेव्हा.

तो बोका होता. मालवणच्या घरी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोक्याचे नाव मन्या आणि मांजरीचे नाव मनी असेच ठेवत आले आहेत, त्यामुळे मी फारसा विचार न करता याचेही नाव मन्या ठेवले. दवाखान्यात पहिल्यांदा नोंदणीसाठी गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नाव विचारले, मी सांगितले, तिने ते लिहिले आणि लगेच तोंडावर हात धरला. कोरियनमध्ये ‘मान्न्या?’ हा एक पूर्ण प्रश्न आहे, त्याचा अर्थ ‘पुष्कळ आहेत का रे?’ असा होतो, आणि तो फक्त मित्राला किंवा लहानाला विचारता येतो. म्हणजे प्रतीक्षागृहात माझ्या बोक्याचे नाव पुकारले जाईल तेव्हा दवाखाना सगळ्या जमलेल्यांना अरे-तुरे करून काहीतरी विचारतो आहे असे वाटणार होते. कोरियन लोक प्राण्यांना सहसा खाण्यापिण्याची नावे देतात, कारण तशा नावाचा प्राणी दीर्घायुषी होतो असे ते म्हणतात. माझ्या शेजारी त्या दिवशी टोफू नावाचे पांढरे कुत्रे आणि अक्रोड नावाचे तपकिरी कुत्रे बसले होते. त्या मानाने मन्या हे नाव पोट भरणारे नव्हते खरे.

पण खाण्याने त्यालाही सोडले नाही. मुलीने पिंजऱ्यात डोकावून पाहिले आणि ‘कोदुंगऑ’ असे म्हणून ते अर्जावर लिहून टाकले. हा शब्द मला खानावळीतल्या फळ्यावरून पाठ होता. कोदुंगऑ म्हणजे बांगडा. मी घाईघाईने सांगितले की मासे मी आणलेले नाहीत. मग कळले की करड्या अंगावर काळे पट्टे असलेल्या मांजराला कोरियात बांगडा म्हणतात, पिवळ्या मांजराला चीज म्हणतात आणि तीन रंगांच्या मांजरीला ‘साम्सेगी’, म्हणजे तिरंगी. ज्या मालवणी माणसाने जन्मभर ताटातला आणि बाजारातला बांगडा पाहिला त्याला मांजराच्या पाठीवर बांगडा कधी दिसला नव्हता, आणि एकदा दाखवल्यावर मात्र आता दुसरे काही दिसत नाही.

नोंदणीच्या वेळी आणखी एक गोष्ट माझ्या पदरात पडली. अर्जावर मालकाचे नाव विचारणारा रकाना नव्हता. तिथे ‘पोहोजा’ हा शब्द होता, ज्याचा अर्थ पालक, सांभाळ करणारा. शाळेत मुलाच्या पालकालाही हाच शब्द आहे. पाळीव प्राण्याला पूर्वी तिथे ‘एवान-तोंगमुल’ म्हणत, म्हणजे कौतुकाने बाळगलेला प्राणी. आता ‘पाल्यॉ-तोंगमुल’ म्हणतात, आणि त्यातला ‘पाल्यॉ’ हा शब्द आयुष्याच्या जोडीदारासाठी वापरतात तोच आहे. मांजर पाळणारे तर स्वतःला ‘चिप्सा’ म्हणवून घेतात, म्हणजे घरचा कारभारी, आणि मांजराच्या स्वभावाशी ज्याचा परिचय आहे त्याला त्यात नम्रतेपेक्षा वस्तुस्थितीच अधिक दिसेल. पण मला खरे चकित केले ते तपासणीच्या खोलीतून बाहेर येताना. मन्याला घेऊन आलेल्या मदतनीस बाईंनी त्याच्या कानाशी लागून म्हटले, ‘आप्पा आले बघ’. कोरियनमध्ये बापाला घरात आप्पाच म्हणतात. आमच्या घरी आप्पा म्हणजे आजोबा, पांढरे धोतर आणि तपकिरीची डबी. त्यामुळे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एका बांगड्याच्या नात्याने, मी आप्पा झालो तेव्हा क्षणभर मागे वळून पाहिले, की दारात दुसरे कोणी उभे आहे का.

या पहिल्या भेटीनंतर मी वही केली. भाषेच्या पाठ्यपुस्तकात दवाखान्याचा एक धडा असतोच, पण तो माणसांचा असतो. त्यात डॉक्टर ‘ऑदिगा आफुसेयो?’, म्हणजे ‘कुठे दुखते आहे?’, असे आदराने विचारतात आणि रुग्ण आपले डोके दुखते, आपल्याला ताप आहे, असे स्वतःच सांगतो. प्राण्याच्या दवाखान्यात दुखणे एकाचे आणि वाक्य दुसऱ्याचे असते. शिवाय कोरियन क्रियापदात आदराचा प्रत्यय घालावा लागतो तो बोक्याला घालायचा की नाही, हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. घालत नाहीत. पोर म्हणतात, पालक म्हणतात, पण ‘बसावे’, ‘जेवावे’ असे बोक्याला कोणी म्हणत नाही. तिथे मराठी आणि कोरियन यांचे एकमत आहे. जेवणाच्या शब्दाबाबतही आहे. मांजराच्या डबाबंद खाण्याला वेगळा शब्द असूनही घराघरात त्याला ‘पाप’, म्हणजे भातच म्हणतात, आणि ‘पाबुल आन मॉगॉयो’, म्हणजे ‘भात खात नाही’, ही बोक्याच्या आजारपणाची पहिली तक्रार होते, जशी आमची आई ‘मन्या सकाळपासून जेवला नाही’ असे सांगते.

वहीत मी अवयव लिहून घेतले आणि ते पाठ करताना माझे मराठी कान मधे मधे लुडबुडू लागले. पायाला ‘पाल’ म्हणतात, आणि डॉक्टरबाई मन्याचा पुढचा पंजा हातात घेऊन ‘पाल, पाल’ म्हणाल्या तेव्हा मी भिंतीकडे पाहिले. पाण्याला ‘मुल’ म्हणतात, औषधाला ‘याक’. ‘हे मूल मुल किती पिते?’ असा एक प्रश्न माझ्या डोक्यात दोन भाषांत मिळून तयार झाला आणि तो आजतागायत गेलेला नाही. भाषांतराचे यंत्र हाताशी होते, पण मराठीतून ‘बोक्याने उलटी केली’ असे सांगितल्यावर त्याने बोका उलटा झाल्याचे डॉक्टरबाईंना कळवले, तेव्हा मी ते खिशात ठेवले आणि ‘थोहेस्सॉयो’ हा ओकण्याचा शब्द कायमचा घोकून टाकला.

मला सर्वांत जवळचे वाटले ते आवाजाचे शब्द. जो प्राणी बोलत नाही त्याचे दुखणे सांगायला कोरियनांनी शब्दांच्या जोड्याच्या जोड्या करून ठेवल्या आहेत. लंगडत चालणे म्हणजे ‘चॉल्तुक-चॉल्तुक’, थरथर कापणे म्हणजे ‘पुदुल-पुदुल’, घशात अडकल्यासारखी कोरडी ढास म्हणजे ‘खेक-खेक’. ज्यांच्या भाषेत मळमळ, जळजळ, चुरचुर आणि ठुसठुस ही चार वेगवेगळी दुखणी आहेत त्यांना याचे मोल सांगायला नको. इंग्रजीत मला पोटाचे दुखणे नीट सांगता आलेले नाही, कोरियनमध्ये येते. यांतला एक शब्द मात्र फसवा आहे. ‘कोल्गोल’ म्हणजे मांजराची समाधानाची गुरगुर, आणि ‘कोल्गोल’ म्हणजेच सदा आजारी, किरकिऱ्या प्रकृतीचा. बोका कोल्गोल करतो एवढेच सांगून मी थांबलो तर डॉक्टरबाईंना चेहऱ्यावरूनच ठरवावे लागेल की अभिनंदन करायचे की रक्त तपासायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मन्या खोलीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला. त्याने भाताला तोंड लावले नाही आणि उचलायला गेलो तर कधी नव्हे तो फिस्कारला. मी वही आणि पिंजरा घेऊन धावलो. डॉक्टरबाईंनी त्याच्या ‘सोब्यॉन’विषयी विचारले. हा शब्द वहीत नव्हता. कोरियनमध्ये घरचे शब्द एक आणि चिनी मुळाचे दवाखान्याचे शब्द दुसरे, जसे आपल्याकडे घरी लघवी आणि तपासणीच्या कागदावर मूत्र. मी घरचे शिकलो होतो आणि तेही अर्धे. माझा गोंधळलेला चेहरा पाहून त्यांनी, परक्याला सोपे जावे म्हणून, लहान मुलांचा शब्द वापरला आणि विचारले, ‘श्वी हेस्सॉयो?’

आता हा शब्द कोरियन बाळाचा असला तरी तो ऐकणारा माणूस मराठी बाळ होता. घाईत म्हटलेले ‘श्वी’ माझ्या कानाला स्वच्छ ‘शी’ असे ऐकू आले, आणि जगात इतक्या लांब येऊन आईच्या तोंडचा शब्द ऐकल्याच्या आनंदात मी ठामपणे उत्तर दिले, की हो, काल एकदा केली. डॉक्टरबाईंच्या कपाळावरची आठी गेली. कोरियनमध्ये ‘श्वी’ म्हणजे शू. म्हणजे जे विचारले होते त्याचे खरे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि बोक्याच्या बाबतीत या नाहीला फार मोठा अर्थ असतो. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, बारीक खडे आणि चिकट स्राव साचून तो बंद पडतो, आणि तो पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.

नशीब असे की डॉक्टरबाईंनी माझ्यावर विसंबून न राहता त्याचे पोट चाचपले. मूत्राशय मोसंब्यासारखा टणक लागला असावा, कारण त्यांचा हात तिथेच थांबला आणि त्यांनी वळून मला विचारले, काल ‘काम्जा’ किती होते? काम्जा म्हणजे बटाटा. मी सांगितले की हा बटाटे खात नाही, फक्त मासे खातो. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले, आणि या बटाट्यांच्या वादात अर्धे मिनिट गेले असेल. शेवटी मदतनीस बाईंनी कागद ओढून एक चौकोनी तबक काढले, त्यात वाळूचे ठिपके काढले आणि ठिपक्यांत तीन गोळे काढून त्यांवर पेन्सिल आपटली. मांजराच्या वाळूत शू पडली की तिचा घट्ट गोळा होतो. कोरियातले चिप्सा लोक त्या गोळ्याला बटाटा म्हणतात आणि रोज सकाळी वाळू साफ करण्याला बटाटे खणणे म्हणतात. (दुसऱ्या प्रकारच्या ऐवजाला ते शेंगदाण्याच्या एका प्रसिद्ध खाऊचे नाव देतात. तो खाऊ मी तेव्हापासून सोडला आहे.) मी तबकातले तिन्ही गोळे पेन्सिलीने खोडले आणि म्हणालो, ‘ऑप्सॉयो’. एकही नाही.

पुढे सगळे वेगाने झाले. नळी घालून मार्ग मोकळा केला, शिरेतून पाणी चढवले, आणि मन्या दोन रात्री तिथेच राहिला. त्या काळात मला प्रतीक्षागृहात बसण्यावाचून दुसरे काम नव्हते, म्हणून मी समोरच्या भिंतीवरचे दरपत्रक वाचून काढले. प्राण्यांच्या दवाखान्यांनी ठरावीक उपचारांचे दर लोकांना दिसतील असे लावावेत, असा नियम कोरियात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. पैशांच्या दृष्टीने ते वाचन क्लेशदायक असले तरी भाषेच्या दृष्टीने त्याच्याइतके उत्तम पाठ्यपुस्तक मला मिळालेले नाही. पहिली तपासणी, फेरतपासणी, मुक्काम, लस, रक्ततपासणी, क्ष-किरण, असे सगळे शब्द ओळीने, मोठ्या अक्षरांत आणि प्रत्येकासमोर तो कधी विसरू नये अशी रक्कम. पिसाळी रोगाचा शब्द ‘क्वांगग्यॉन-ब्योंग’, म्हणजे वेड्या कुत्र्याचा आजार, मी तिथे शिकलो.

घरी सोडताना बारीक पूड केलेल्या औषधाच्या चिकटवलेल्या पुड्यांची माळ हातात आली आणि सांगण्यात आले, की दिवसातून दोनदा द्या आणि ‘साहुल’नंतर दाखवायला आणा. कोरियनमध्ये चार या आकड्याला ‘सा’ म्हणतात, म्हणून मी मनातल्या मनात चार दिवस मोजले. साहुल म्हणजे तीन दिवस. चार दिवसांना ‘नाहुल’ असा वेगळा शब्द आहे. तिसऱ्या दिवशी रात्री पुड्या संपल्या तेव्हा सहा पुड्या आणि दिवसाला दोन हा हिशेब माझ्या लक्षात यायला हवा होता, पण मी भाषेवर विश्वास ठेवला आणि गणितावर ठेवला नाही. चौथ्या दिवशी गेल्यावर मी खजील होऊन कारण सांगितले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने माझे सांत्वन केले. २०२० मध्ये सरकारने ऑगस्टातली एक जादा सुटी जाहीर केली आणि वृत्तपत्रांनी ‘साहुलची सुटी’ असे छापले, तेव्हा तीन की चार असा घोळ खुद्द कोरियनांचाच झाला होता आणि हजारो लोकांनी तो शब्द शोधून पाहिला होता.

त्याच भेटीत डॉक्टरबाईंनी विचारले, की त्या दिवशी मी ‘हो’ का म्हणालो. मी वहीच्या पानावर दोन रेघा ओढून समजावून सांगितले, की तुमची श्वी ती आमची शू, आणि आमची शी ती तुमची दुसरी. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतले आणि मन्याच्या कागदाच्या समासात कोरियन अक्षरांत ‘शू’ आणि ‘शी’ असे दोन शब्द, प्रत्येकासमोर त्याचा अर्थ लिहून, नोंदवून ठेवले.

मागच्या महिन्यात वार्षिक तपासणीला गेलो तेव्हा मी रस्ताभर ‘सोब्यॉन’चे पूर्ण, आदरयुक्त, व्याकरणशुद्ध वाक्य घोकत गेलो होतो. बाहेर ‘मान्न्या’ असा पुकारा झाला, एका आजोबांनी चमकून वर पाहिले, आणि आम्ही आत गेलो. डॉक्टरबाईंनी कागद काढला, समासावर बोट ठेवले आणि अगदी सावकाश, शेवटचा ऊ नीट लांबवून, मन्यालाच विचारले, ‘शू?’ घोकलेले वाक्य मी विसरून गेलो. ‘काम्जा’ असे म्हणून मी चार बोटे वर केली.