किनाऱ्यामागच्या सड्यांवर: आमची वाटचाल

आमचा व्यवसाय सुरू झाला तो एका गाडीवर. राजापूर रोड स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांना घ्यायचं, मुक्कामी सोडायचं, दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे नाहीतर मालवणला न्यायचं. वाटेत दोन्ही बाजूंना जांभ्याचे उघडेबोडके सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ, लागत आणि मागच्या सीटवरून हमखास प्रश्न येई, "इथे मधे काहीच नाही का हो?" आम्ही त्याच सड्यांवर गुरं राखत आणि करवंदं तोडत वाढलो होतो. हळूहळू आम्ही गाडी मधेच थांबवायला लागलो, आणि पुढे तोच आमचा धंदा झाला.

सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, म्हणून नोंद असलेल्या या जमिनीवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, आहेत. 2022 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि चौकशीचे फोन वाढले. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं अशी चित्रांची नुसती दाटी आहे. पण भर दुपारी गेलात तर पायाशी हत्ती असूनही दिसणार नाही. म्हणून आम्ही माणसं तिथे नेतो ती सकाळी ऊन तिरपं असताना. खोदलेल्या रेषेच्या एका काठावर सावली धरते, आधी सोंड उमटते, मग पाठीचा बाक, आणि मग माणसं एकमेकांना बोटाने दाखवायला लागतात. तासाभराने ऊन वर चढलं की रेषा पुन्हा कातळात विरून जातात. फोटोसाठी रेषांत खडू किंवा रांगोळी भरणं आम्ही चालू देत नाही. चित्रावर पाय ठेवायचा नाही, बाजूने फिरायचं. पालापाचोळा साचला असेल तर मऊ केरसुणीने झाडतो, तेवढंच.

देवाचे गोठणे इथे भार्गवरामाच्या देवळापासून चढून सड्यावर गेलं की एक मनुष्याकृती आहे. तिच्याजवळ होकायंत्र ठेवा, काटा उत्तर दाखवत नाही, भलतीकडे वळतो. कातळाच्या चुंबकीय गुणामुळे असं होतं. शाळकरी पोरं ते यंत्र सोडायला तयार नसतात! बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. ही चित्रं कुणी आणि कशासाठी कोरली, हे पाहुणे विचारतातच. अभ्यासकांचं त्यावर काम चालू आहे, एवढंच आम्ही सांगतो. पदरच्या गोष्टी जोडून सांगायची सवय आम्ही वाटाड्यांना लागू दिलेली नाही.

वाटाड्या त्या त्या गावचाच, हा आमचा नियम पहिल्यापासून आहे. कुठल्या आडात उन्हाळ्यातही पाणी टिकतं, कुठली वाट शेवाळाने निसरडी होते, हे त्यालाच ठाऊक. त्याचा मोबदला त्याच दिवशी हातात. जेवणही गावातल्या घरी, कुळथाची पिठी, भात, सांडगी मिरची. एका मोठ्या सहल कंपनीने बसगाड्या भरून माणसं पाठवायची तयारी दाखवली होती. पैसा बरा होता, पण सड्यावर इतके पाय एकदम पडू नयेत असं आम्हाला ठामपणे वाटलं, आणि आम्ही नाही म्हटलं. आजही एका वेळी एकाच गाडीतली माणसं नेतो.

पावसाळा हा आमचा रिकामा हंगाम होता. आता पाऊस लागला की सड्यावर दिपकाडीची पांढरी फुलं येतात, त्यांच्यासाठी मुद्दाम येणारे लोक मिळाले आहेत. पुढे सीतेची आसवं, गेंद, आणि चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदू. पुष्कळ शिल्पं तेव्हा गवताखाली जातात, ती पाहायची तर हिवाळा बरा.

कशेळीला आलात की कनकादित्याचं देऊळ आणि खालचा देवघळीचा समुद्रकिनारा पाहून घ्या, त्याला वेगळा दिवस लागत नाही. राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा, म्हणजे अधूनमधून जमिनीतून वाहू लागणारे झरे, मात्र आमच्या हातात नाही. साधारण तीन वर्षांनी ती येते, पण हिशेब नेहमी जुळतोच असं नाही. आली की जुन्या पाहुण्यांना आम्ही आपणहून कळवतो, कुंडं चौदा आहेत, अंघोळीचे कपडे घेऊन या. सड्यावर सावली नाही, तेव्हा टोपी आणि भरपूर पाणी हवंच. अकराच्या आत आपण खाली उतरलेले असतो.