राखाडी रंगातला ग्रीस

ग्रीस म्हटले की पांढरीशुभ्र घरे आणि निळाभोर समुद्र डोळ्यांपुढे येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरांनीच ही सवय आपल्याला लावली आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६० साली रंगवलेल्या ‘ग्रीक लँडस्केप’मध्ये ते निळे पाणी नाही आणि तो लखलखीत पांढराही नाही. सुमारे १२ फूट रुंद कॅनव्हासवर राखाडीच्या छटा तेवढ्या आहेत. एकमेकांना टेकलेले, घरांसारखे भासणारे आकार त्यांत दिसतात खरे, पण त्यांतल्या एखाद्यावर बोट ठेवून हे घर म्हणावे, तर ते शेजारच्या काळसर पट्ट्यात विरून जाते.

निसर्गचित्रापुढे उभे राहिल्यावर हे कुठले ठिकाण आणि ही कुठली वेळ, असे दोन प्रश्न आपण नकळत विचारतो. ठिकाणाचे उत्तर इथे शीर्षक देते. वेळेचे मात्र कोणीच देत नाही. जुलैतल्या मुंबईत ढग असे दाटून येतात, की दुपारचे दोन वाजलेत की संध्याकाळचे सहा, हे घड्याळाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. या चित्रातला उजेड त्याच जातीचा आहे. त्यात अद्भुत असे काहीच घडत नाही, तरी ते स्वप्नासारखे वाटते ते यामुळेच.

अशा चित्रांना ‘शांत’ म्हणण्याची पद्धत आहे; मला ती फारशी पटत नाही. भडक रंग नजरेला स्वतःहून बोलावतो आणि तिचे काम हलके करतो. राखाडी बोलावत नाही. एका छटेतून दुसरी कुठे सुरू होते, हे नजरेलाच शोधावे लागते, आणि रुंदी एवढी की सारे एका दृष्टिक्षेपात मावत नाही, त्यामुळे मान वळवत, पावले सरकवत पाहावे लागते. यालाच ध्यान म्हणायचे असेल, तर ते कष्टाचे ध्यान आहे. मोबाइलच्या पडद्यावर त्याची दोन बोटांची पट्टी होते आणि हे कष्टच उरत नाहीत.

जे. जे. कला महाविद्यालयात शिकून १९५१ मध्ये पॅरिसला गेलेल्या पदमसींनी हे चित्र आणि अशीच इतर राखाडी चित्रे मुंबईत, बाल छाबडा यांच्या ‘गॅलरी ५९’मध्ये मांडली. चित्रकार कृष्ण खन्ना यांनी हे चित्र तेव्हा १,००० रुपयांना घेतले. २०१६ च्या लिलावात त्याला १९.१९ कोटी रुपये मिळाले. या आकड्याचीच चर्चा अधिक होते, हे ओघाने आलेच.

पुढे सत्तरच्या दशकात पदमसी ‘मेटास्केप’ या कल्पित निसर्गदृश्यांच्या मालिकेकडे वळले. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या नांदीत कालिदासाने सूर्य आणि चंद्र यांना काळाचे विधाते म्हटले आहे, संस्कृतचा अभ्यास केलेल्या या चित्रकाराने त्या दोघांना एकाच आकाशात आणले आणि भोवती तांबडे, पिवळे रंग पेटवले. काळाला तिथेही चकवा दिलेला आहे, पण त्यामागची कल्पना आधी समजून घ्यावी लागते. १९६० च्या राखाडी चित्राला अशा टीपेची गरज पडत नाही, आणि म्हणून निवड करायचीच झाली, तर मी तेच निवडेन.