चुका काढणारं काम

2019 पर्यंत मी भांडुपहून रोज फोर्टला जायची. बाजारगेटजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात नऊ वर्षं मराठी टायपिंग केलं. मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या दोन्ही सरकारी टायपिंग परीक्षा झालेल्या, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि नोकरी सुटली.

लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचा पगार निम्मा झाला, तेव्हा मी घरबसल्या काम शोधायला लागले. मोबाईलवर एक जाहिरात आली. फॉर्म भरायचे, 7 दिवसांत 500 फॉर्म, दर फॉर्मला 30 रुपये. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलली! "मॅडम, तुमच्यासारखा अनुभव असलेली माणसं आम्हाला मिळतच नाहीत." माझं काम मात्र तिने पाहिलंच नव्हतं. तेव्हा ते मला खटकलं नाही. नऊ वर्षांत दुकानात कोणी असं कौतुक केलं नव्हतं, त्यामुळे बरं वाटलं. एका करारपत्रावर मोबाईलवरच सही केली आणि आधार-पॅनचे फोटो पाठवले.

सात रात्री जागून फॉर्म भरले. निकाल आला: अचूकता 71 टक्के, करारात 90 लिहिलेली. पैसे नाहीतच, वर दुसऱ्या दिवशी 'वकिलाची नोटीस'. करार मोडला, कोर्टात केस होईल, मिटवायचं असेल तर 5,400 रुपये भरा. घरात कोणाला न सांगता भिशीचे पैसे काढून मी ते भरले. आठ दिवसांनी आणखी 9,000 मागितले, तेव्हा माझा धीर सुटला.

आमच्या चाळीतले एक काका मुलुंड कोर्टात वकिली करतात. नोटीस वाचून ते म्हणाले, "सूनबाई, कोर्ट कधी कोणाच्या खासगी यूपीआयवर पैसे टाकायला सांगतं का?" 1872 च्या करार कायद्यात फसवून घेतलेली संमती नाकारता येते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार त्यांच्यासमोरच बसून केली. पैसे परत मिळाले नाहीत. पण फोन उचलणं बंद केलं, आणि केसही कधी आली नाही.

हे उघडपणे लिहितेय कारण मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनींच्या मुलीचं तसंच झालं. तिला टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी खरंच 150 रुपये आले. मग 'प्रीपेड टास्क': 1,000 भरले, 1,300 परत आले. त्यानंतर भरलेले 12,000 मात्र ॲपवर नुसते आकडे दिसत राहिले, काढायला गेली की आणखी भरा. ती रडत आली तेव्हा आधी 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला. हा नंबर जितक्या लवकर लागेल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त असते. सकाळवर टाकू नका. आणि 'पेमेंट तुमच्या खात्यातून फिरवायचंय, कमिशन देऊ' असं कोणी म्हणालं तर ताबडतोब नकार द्या. चोरीचे पैसे आपल्या खात्यातून गेले की खातं गोठतं आणि पोलिसांना उत्तर आपण द्यायचं.

खरं काम मला जाहिरातीतून मिळालं नाही. दुकानातल्या जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला. तिच्या ओळखीच्या एका प्रकाशकाला श्रीलिपीतली जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा अक्षरांत, हवी होती. फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, ती नुसतं सॉफ्टवेअर चालवून नीट होत नाहीत, ओळ न् ओळ वाचावी लागते. त्यांनी आधी अर्धं पान चाचणी म्हणून पाठवलं. मी मन लावून केलं. उत्तर आलं: अकरा चुका. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, एका ठिकाणी 'ष'च्या जागी 'श'. खाली एक ओळ, "पुन्हा करून पाठवा."

वाईट वाटलं, पण त्याच क्षणी विश्वासही बसला. ज्याला पान खरंच छापायचंय तोच चुका मोजतो.

आता तेच काम करते, शिवाय मराठी मुलाखती ऐकून टाइप करते. त्यात वेळ फार जातो. तासाभराच्या रेकॉर्डिंगला मला पाच तास लागतात, मागे मिक्सर किंवा गाडीचा आवाज असेल तर सहा. दर ठरवताना सुरुवातीला हे लक्षात आलं नाही आणि पहिलं काम फारच स्वस्तात केलं. नवी कंपनी असली की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव पाहते, ते फुकट असतं. पण भामटे खऱ्या कंपनीचं नावही लावतात, म्हणून त्या कंपनीच्या स्वतःच्या नंबरावर फोन करून विचारते. काम देणाऱ्या एकाने पहिल्यांदा टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून पैसे दिले आणि ती रक्कम माझ्या पॅनवर आयकर खात्याच्या 26एएस या फॉर्ममध्ये दिसली, तेव्हा मिस्टरांना बोलावून दाखवली.

काम दुपारी 1 ते 4, सासूबाई झोपलेल्या असतात तेव्हा. आज प्रकाशकाकडून पान 41 परत आलंय, दोन चुकांसह. एक माझी आहे. दुसरी मूळ पुस्तकातच होती, आणि ती तशीच ठेवायची की सुधारायची, हे त्यांनी मला विचारलंय.